न रांधलेल्या भाज्या

सिलतऱ्यात सकाळ फडक्यानं सुरू होते. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की साधारण 15 किलोमीटरवर धुराडी दिसू लागतात. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, फेरो अलॉयच्या भट्ट्या. लोहखनिज न वितळवताच कोळशाच्या धगीत त्यातला प्राणवायू काढून घेतात, मागे राहतं ते भोकाभोकांचं हलकं लोखंड, म्हणून त्याचं नाव स्पंज. कोळसा आला की काजळी आलीच. रात्रभर ती उतरत राहते, आणि उजाडल्यावर फाटकाच्या गजांवर, पायरीवर, तुळशीच्या पानांवर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. इथं गच्चीवर पापड वाळत घालायची कुणाची छाती नाही. कॉलनीतल्या बायका आधी ओलं फडकं घेतात, मग चहा ठेवतात.

काकू फाटक पुसत असायच्या तेव्हाच मागच्या चाळीतली धमतरहिन कामावर जायला निघायची. ती एका मिलच्या आवारात रेजा, म्हणजे बाई-मजूर, म्हणून कामाला. डोक्याला पदर, हातात डबा, आणि फाटकाशी आली की रोज एकच प्रश्न: "का साग रांधे हस?"

आज कोणती भाजी रांधलीस? छत्तीसगढात बायका एकमेकींना भेटल्यावर हेच विचारतात. आपल्याकडं 'कसं काय, बरं आहे ना' विचारतो तेवढ्याच सहज. फरक एवढाच, की आपल्या प्रश्नाला 'बरं आहे' म्हणून सुटता येतं. इथल्या प्रश्नाला भाजीचं नावच द्यावं लागतं.

धमतरहिन हे तिचं पाळण्यातलं नाव अर्थातच नव्हे. तिकडं सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत आहे. धमतरीकडची ती धमतरहिन, रायपूरची ती रयपुरहिन. काकूंचं माहेर भंडारा, म्हणून कॉलनीतल्या चार मराठी घरांना त्या काकू असल्या तरी हिच्यासाठी त्या भंडारहिन होत्या. दोघींचं बोलणं थोडं हिंदी, थोडं छत्तीसगढी आणि काकूंच्या माहेरची झाडीबोली, अशा खिचडीत चालायचं. भाषेवाचून त्यांचं कधी अडलं नाही. ते बोलणं इथं आपल्या सोयीसाठी मराठीत लिहितो.

काकूंच्या हाताची ख्याती रायपूरपर्यंत होती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी घरं आहेत, तात्यापाऱ्यासारखी वस्तीच आहे, आणि चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. मंडळात काही कार्यक्रम निघाला आणि घरगुती जेवण करायचं ठरलं की काकूंना फोन जायचा. चाळीस पानांचा वडा-भात त्या कागदावर एक आकडा न मांडता करायच्या. डाळ किती, तांदूळ किती, फोडणीचं तेल किती, सगळं हाताला पाठ. घरीही तसंच. काका किल्नवरून कुठल्याही पाळीचे आले तरी ताट वाढलेलं, आणि ताटात डावी-उजवी बाजू भरलेली.

दसरा झाला आणि काकांची बदली कंपनीच्या खाणीवर झाली, कांकेरच्या बाजूला. महिन्यातून एकदा यायचे. मुलगी पुण्यात. काकू म्हणाल्या, बरं झालं, जरा विसावा.

पहिल्या दिवशी त्यांनी उरलेलं संपवलं. दुसऱ्या दिवशी पोहे. मग एकदा दुपारी वरण-भात लावला, तो रात्रीही तोच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तोच फोडणी देऊन. महिनाभरात गाडी चहा-खारीवर आली. कधी पोळी केलीच तर तव्यावरची हातात घेऊन, लोणच्याच्या बरणीत टोक बुडवून, ओट्याशी उभ्या उभ्या. ताट घेतलं तर घासावं लागतं. पातेल्यातलं पातेल्यातच खाल्लं तर एक वाटीही वाचते. फडताळात भंडाऱ्याहून आलेला चिन्नोर तांदूळ होता, साजूक तुपाची बरणी होती, खसखस, खोबरं, काजू, सगळं होतं. ते 'कुणी आलं-गेलं तर' म्हणून होतं. मुलगी रात्री फोनवर विचारायची, "आई, जेवलीस?" आणि काकू "हो, केव्हाच" म्हणायच्या. हे वाक्य इतक्या घरांतून इतक्या आयांच्या तोंडून रोज जातं, की ते खोटं धरायचं की रीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण धमतरहिनला "केव्हाच" चालत नव्हतं. तिला भाजीचं नाव हवं होतं. पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा काकूंच्या समोरून हातगाडी चालली होती, वर काळी गोल वांगी. "भरीत," काकू म्हणून गेल्या.

"कसं करता तुम्ही?"

आता जिला चाळीस पानांचा अंदाज तोंडपाठ, तिला हे विचारणं म्हणजे गवयापुढं तंबोरा ठेवणं. काकूंनी फडकं खांद्यावर टाकलं. वांगं निखाऱ्यावर भाजायचं, गॅसवर नाही. त्याला आधी तेलाचं बोट लावायचं. पातीचा कांदा कच्चा घालायचा, शिजवायचा नाही. हिरवी मिरची ठेचून, वर सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर, आणि कच्च्या तेलाची धार. धमतरहिन मान हलवत ऐकत राहिली आणि भोंगा व्हायच्या आत निघून गेली. काकू आत आल्या आणि त्यांनी चहात खारी बुडवली.

दुसऱ्या दिवशी कढी. मग झुणका. मग भरली वांगी, तीळ-दाण्याच्या कुटाची. मग सांबारवडी, मग डाळ-भाजी, मग गोळा भात. हा गोळा भात त्यांनी अगदी रंगवून सांगितला: हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा, त्यात तिखट, हळद, हिंग, तेलाचं मोहन, घट्ट गोळे वळायचे, भातातलं पाणी आटत आलं की ते भातात सोडायचे, वर झाकण. ताटात गोळा फोडायचा, भातात कालवायचा आणि वरून मोहरी-हिंग-लाल मिरचीचं चरचरीत तेल. सांगताना काकूंच्याच तोंडाला पाणी सुटलं. त्या दिवशी त्यांनी दोन खाऱ्या जास्त खाल्ल्या.

खोटं बोलणं वाईट हे काकूंना ठाऊक होतं. पण यात कुणाचं काही जात नव्हतं. उलट खरं सांगायची लाज वाटत होती. आणि ती लाज न रांधण्याची नव्हती, एकटीसाठी रांधण्याची होती. एकटीसाठी एवढा घाट घालणारी बाई म्हणजे कोण? खादाड म्हणा, चैनी म्हणा. मंडळात एकदा कीर्तनकारबुवांनी सांगितलं होतं, की जो एकटा खातो तो पाप खातो. बुवांचं चुकलं नव्हतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या दानसूक्तात तसं आहे, आणि जे स्वतःपुरतं शिजवतात ते पाप खातात असं गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही आहे. मात्र त्या सूक्तात डोळ्यांपुढं आहे तो अन्न असून दाराशी आलेल्या भुकेल्याला न देणारा. दाराशी कुणी नसताना, रिकाम्या घरात, स्वतःला उपाशी ठेवा असं ऋषींनी कुठं म्हटलेलं नाही. तो अर्थ आपण नंतर काढला, आणि बहुतेक करून बायकांनी तो स्वतःला लावून घेतला. एकटा पुरुष घरी असला की तो खानावळ शोधतो. एकटी बाई भूक नाही म्हणते.

रोमच्या ल्युकुलसची एक गोष्ट प्लूटार्कनं लिहून ठेवली आहे. हा सेनापती इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला, मेजवान्यांसाठी प्रसिद्ध. एके रात्री पाहुणे नव्हते म्हणून आचाऱ्यानं साधंच जेवण आणलं. ल्युकुलस त्याच्यावर चिडला आणि म्हणाला, की आज ल्युकुलसच ल्युकुलसकडं जेवायला आहे, एवढंही तुला कळू नये? गोष्ट छान आहे, पण ल्युकुलसला नुसतं रागवायचं होतं. राबायला आचारी होता. काकूंकडं आचारीही त्याच, पाहुण्याही त्याच, आणि भांडी घासणाऱ्याही त्याच. रागवायला तेवढं कुणी नव्हतं.

ती उणीव धमतरहिननं भरून काढली.

पौषातली गोष्ट. छेरछेरा नुकता झाला होता. नवं धान घरात आलं की पौषी पुनवेला पोरं दारोदार धान मागत फिरतात, तो सण. धमतरहिनचं माहेर धमतरी जिल्ह्यातल्या नगरीकडचं, आणि नगरीचा दुबराज म्हणजे सुवासाचा राजा. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिचा भाऊ दुबराजचं पोतं टाकून गेला होता, त्यातला पिशवीभर तिनं काकूंना आणून दिला होता. त्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, का साग रांधे हस, आणि काकू म्हणाल्या, "पाटवडी रस्सा."

पाटवडी काही पहिल्यांदा सांगितली नव्हती. कृती आधीच देऊन झाली होती. बेसन फोडणीच्या पाण्यात घोटायचं, गाठ होऊ द्यायची नाही, चमचा उभा राहीपर्यंत आटवायचं, ताटाला तेल लावून थापायचं, वर खोबरं-सांबार, चौकोन कापायचे. रस्सा वेगळा, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा आणि खसखशीचा, वडी ऐन वेळी सोडायची. धमतरहिन तेव्हा म्हणाली होती, हे तर आमच्या इडहरासारखं आहे. आम्ही कोचईची पानं आणि उडदाची डाळ वाफवून, कापून कढीत सोडतो.

त्या दिवशी रविवार होता, धमतरहिनला सुट्टी. दुपारी बाराच्या सुमाराला ती फाटकाशी आली ती हातात झाकलेली वाटी घेऊन. झाकण काढलं. लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, त्यात चार चौकोनी वड्या. थोड्या वाकड्या कापलेल्या, पण पाटवडीच.

"खाऊन बघ," ती म्हणाली. "चुकलं असेल तर सांग."

काकूंनी पायरीवर बसून खाल्लं. मीठ किंचित जास्त होतं. बाकी काही चुकलेलं नव्हतं.

"कुणासाठी केलीस एवढी?"

"कुणासाठी म्हणजे? माझ्यासाठी. मालक ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस तोंड दिसत नाही. पोरगा हैदराबादला. मी तर बासीच खात होते." बासी म्हणजे रात्री पाण्यात घातलेला भात, सकाळी कांदा-मिठाशी. "उन्हाळ्यात बासीसारखं सुख नाही. पण मी थंडीतही बासीच. एकटीसाठी कोण चूल पेटवणार? मग तू सांगायला लागलीस, आज भरीत, आज कढी. मी म्हटलं, ही मराठीण बाई, हिचा नवरा खाणीवर, पोरगी दूर, तरी ही रोज रांधते, नीट रांधते, तर मला काय धाड भरली? तू जे सांगायचीस ते मी संध्याकाळी येऊन करायचे. भरीत केलं, झुणका केला, तो तुझा गोळा भात केला. मिलमधल्या बाकीच्या रेजा हसतात, म्हणतात हिच्या डब्यात रोज नवं काय असतं." मग ती थोडी पुढं वाकली. "आता तुझी आण. एकदा तुझी आणि माझी शेजारी शेजारी ठेवून बघू दे. रस्सा असाच व्हायला हवा की दाट, ते मला कळत नाही."

काकू वाटी घेऊन आत गेल्या.

ओटा स्वच्छ होता. शेगडी पुसलेली, कोरडी. सिंकमध्ये चहाचा एक कप. खारीचा डबा उघडा. त्या शेगडीपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. वडीला निदान अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात काही होणं शक्य नव्हतं. मांजर आलं, रस्सा सांडला, असंही काही सांगता आलं असतं. इतक्या भाज्या सांगितल्या, त्यात आणखी एक. पण तोंडात अजून धमतरहिनच्या वडीची चव होती. खोबरं नीट भाजलेलं होतं. भंडाऱ्यात, घरी कुणी दाखवून न देता, नुसतं ऐकून कुणी एवढं बरं केलं असतं का, याची त्यांना शंका होती.

त्या रिकामी वाटी धुऊन बाहेर घेऊन आल्या.

"मी केली नाही," त्या म्हणाल्या.

"संपली?"

"केलीच नाही. भरीतही नव्हतं केलं."

धमतरहिनला आधी कळलं नाही. मग ती बोटांवर मोजत गेली. कढी? नाही. झुणका? नाही. डाळ-भाजी? नाही. गोळा भात? काकूंनी मान हलवली.

"मग मी कुणाचं बघून रांधत होते?"

याला काकूंकडं उत्तर नव्हतं.

"थंडीत कामावरून येऊन वाटण वाटलं मी," धमतरहिन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तू काय खातेस मग?"

"चहा. खारी."

तिनं वाटी घेतली आणि गेली. सोमवारी सकाळी ती फाटकावरून गेली, पण थांबली नाही. मंगळवारीही नाही. काकू गज पुसत उभ्या राहिल्या. एरवी जो प्रश्न टाळायला त्या नावं जुळवत बसायच्या, तो आता कुणी विचारत नव्हतं, आणि दिवस फार लांब झाला होता. रात्री काकांचा फोन आला, जेवलीस का, आणि काकू "हो" म्हणता म्हणता अडखळल्या. नेटवर्क गेलं असं काकांना वाटलं.

बुधवारी धमतरहिन थांबली. राग पुरता गेलेला नव्हता, पण तिनं काही ठरवलेलं दिसत होतं.

"जितक्या भाज्या तू मला सांगितल्यास, तितक्या रांधायच्या," ती म्हणाली. "देणं फेडायचं. एकेक. एकटीनं, एकटीसाठी."

"तू ये ना मग जेवायला. मी नीट करते, तू—"

"मी येणार नाही. वाटी पाठवायची नाही. शेजारच्या पोरांना बोलवायचं नाही. मी आले तर तू माझ्यासाठी रांधशील, त्याला काय अर्थ? मी फक्त विचारणार."

"किती झाल्या असतील गं?"

"मला सगळ्या पाठ आहेत," धमतरहिन म्हणाली. "मी केल्यात ना."

काकूंनी सुरुवात गोळा भातानं करायची ठरवली, कारण तो सगळ्यात रंगवून सांगितला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डाळ काढली, आणि पहिली अडचण तिथंच आली. चाळीस माणसांना किती भरडा, हे हात झोपेत सांगेल. दोघांना किती, तेही ठाऊक. एका बाईला किती? त्यांनी मूठभर घेतली, ती कमी वाटली. आणखी घेतली, ती उधळपट्टी वाटली. शेवटी वाटीनं मोजली, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. तांदूळ घेताना हात चिन्नोरच्या डब्याकडं गेला आणि नेहमीसारखा मागं आला. मग त्यांनी दुबराजच घेतला, जो नुकताच आला होता, ज्याला अजून 'आलं-गेलं तर' हा शिक्का बसला नव्हता.

डाळ जाडसर भरडली. हिंग खलात ताजा कुटला. मोहन कडकडीत घातलं. गोळे वळताना अर्ध्यात मनात आलं, चार करावेत, दोन फ्रिजमध्ये राहतील, शनिवारी काका आले तर. त्यांनी तीनच केले. छोटं पातेलं शोधायला माळ्यावर चढावं लागलं, कारण रोजच्या भांड्यात इतका भात तळाशी चिकटून बसला असता.

आणि तरी तो बिघडला. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकट होतो, हे भाताच्या मुलखात जन्मलेल्या काकूंना शिकवायला नको होतं. पण त्यांनी सवयीनं जुन्या तांदळाचं पाणी घातलं. एवढ्याशा पातेल्यात ते आटेल म्हणून घाईनं गोळे सोडले, तेव्हा पाणी अजून खदखदत होतं. झाकण काढलं तर दोन गोळे फुटून भातात मिसळले होते, तिसरा कसाबसा तग धरून. भात गिचका झाला होता.

काकूंनी चमचा घेतला. हा ताटात वाढण्यासारखा नाही, इथंच पातेल्यात संपवून टाकू, असं वाटलं, आणि ते वाटणंही इतकं ओळखीचं होतं की चमचा निम्म्यात थांबला. मंडळात एकदा असंच झालं होतं. चाळीस माणसं बसलेली आणि भात गिचका. तेव्हा काय केलं होतं? हात जोडले होते, आज जरा गडबड झाली म्हणाल्या होत्या, आणि तोच भात केळीच्या पानावर, तूप घालून, मुदीसारखा वाढला होता. पाहुण्याला बिघडलेलं वाढावं लागलं तरी कुणी त्याला उभ्यानं पातेल्यात खायला सांगत नाही.

त्यांनी आधी फोडणी केली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग, लाल मिरच्या, आणि घरभर असा वास सुटला जो दसऱ्यापासून सुटला नव्हता. खिडकी लावली, काजळी ताटात येऊ नये म्हणून. मग वरच्या फळीवरचं मोठं ताट काढलं, तेही फडक्यात गुंडाळलेलं होतं. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, मिरचीचं लोणचं, मुळ्याची कोशिंबीर. उजवीकडं चिंचेच्या साराची वाटी. मध्ये तो भात, त्यावर शाबूत राहिलेला एकुलता एक गोळा, आणि वर तेल. कावळ्यासाठी घास बाहेर ठेवला, सासरे ठेवत तसा. कीर्तनकारबुवांचीही तक्रार नको. मग पाट घेऊन बसल्या.

चवीला तो उत्तम होता. दिसायला वाईट आणि चवीला उत्तम. गोळ्याचा जाडसर कण दाताखाली येत होता, तेल तिखट लागत होतं, नाकातून पाणी येत होतं, आणि साराचा घुटका घेतला की सगळं निवत होतं. दुबराजचा वास हिंगातही हरवला नव्हता. पहिला भात संपला. आणखी घ्यावासा वाटला, आणि काकू अवघडल्या. आग्रह केल्याशिवाय दुसऱ्यांदा वाढून घ्यायची सवय नव्हती, आणि आग्रह करायला कुणी नव्हतं. थोडा वेळ तशाच बसल्या. मग उठल्या आणि वाढून आणला. ताट घासताना त्यांच्या लक्षात आलं की चारच भांडी आहेत.

दुसऱ्या सकाळी त्या फाटक पुसत होत्या. धुक्यात धुराडी दिसत नव्हती, पण तुळस नेहमीसारखीच काळी. धमतरहिन आली, डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"का साग रांधे हस?"

"गोळा भात. गोळे फुटले."

धमतरहिन थबकली. "फुटले?"

"दोन फुटले. एक राहिला. भात गिचका झाला. तुझा तांदूळ नवा आहे."

ती एवढ्यानं हसली की समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. "दसऱ्यापासून तुझं काहीच कधी बिघडलं नाही. ना कधी मीठ जास्त झालं, ना कधी करपलं. रोज माझंच काहीतरी चुकायचं आणि मी म्हणायचे, काय हात आहे या बाईचा! मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग ती फाटकाला टेकली, शिकवायला टेकावं तशी. "ऐक. नव्या तांदळाचा भात पसवायचा. वरचं पाणी, पसिया, काढून टाक. मग गोळे वर ठेव, पाण्यात नाही, नुसत्या वाफेवर, मुठियाला ठेवतो तसे. मी तसंच केलं होतं. तू सांगितलंस तसं केलं असतं तर माझेही फुटले असते."

"मी जुन्या तांदळाचं सांगितलं होतं."

"तू तोंडानं सांगितलं होतंस," धमतरहिन म्हणाली. तिकडून भोंगा झाला. ती चालू लागली आणि वळणावरून ओरडून म्हणाली, "आज कढी! आणि ती दोनदा सांगितली होतीस, दोनदा करायची!"